काही दुखत नाही असं सांगा

माझी एक चप्पल बसमध्ये राहिली आणि मला ते कळलंच नाही. कंपनीच्या बसमधून उतरून मी फाटकापर्यंत चालत गेले. मागून सुनंदाताई म्हणाल्या, "रंजना, एक पाय अनवाणी हाय गं तुझा." खाली पाहिलं तर खरंच. उजव्या पायाखाली खडी होती आणि ती पायाला लागतच नव्हती.

आम्ही दोघी हसलो. ताई परत जाऊन बसमधून चप्पल घेऊन आल्या आणि वाकून माझ्या पायात घातली. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायात चप्पल घालावी याची मला लाज वाटली. पाय बधिर झालाय याचं काहीच वाटलं नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईचं रोज काहीतरी बधिर असतंच, असं मी धरून चालले होते.

हे मी लिहितेय ते मशिनीपुढे, टेबलापुढे, पट्ट्यापुढे वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या बायांसाठी. पुरुषांनीही वाचावं. माझ्या मानेचं ऑपरेशन झालं, मी कामावर परत गेले, हातात पेन धरून हे लिहू शकते. तेवढंच सांगायचं असतं तर एका पानात झालं असतं.

आम्ही दोघी

आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्याला लागून आहे. शेती थोडी, भातापुरती. कारखाना खालापूरच्या बाजूला. तिथे औषधांच्या प्लास्टिकच्या बाटल्या बनतात. मी लग्नानंतर दोन वर्षांनी तिथे लागले, आता माझं वय त्रेपन्न आहे. सुनंदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. माझे थोरले दीर अपघातात गेले तेव्हा त्यांची पूनम पाच वर्षांची होती. मीच साहेबांना सांगून ताईंना आमच्या हॉलमध्ये कामाला लावलं. फरक एवढाच की मी कायम आणि त्या कंत्राटात. एकोणीस वर्षं कंत्राटातच.

काम तपासणीचं. पट्ट्यावरून बाटल्या येतात. एक उचलायची, उजेडासमोर धरायची, फिरवून बघायची. काळा ठिपका, चीर, तोंडाशी राहिलेला कंगोरा, काहीही दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायची. दिसलं नाही तर पुढे सोडायची. दिवसभर उभं राहून, मान खाली घालून. टेबल बुटकं होतं. ते बसवलं तेव्हा आम्ही विशी-पंचविशीच्या होतो, वाकल्याचं कुणाला काय. वर छताला ट्यूब. तिचा उजेड आमच्या खांद्यापर्यंत येऊन थांबायचा.

टेप घेऊन आलेल्या मॅडम

ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी कंपनीत मृणाल मॅडम आल्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, पायात सपाट बूट. त्यांचं काम ऐकून आम्हाला नवल वाटलं. कंपनीला नवीन मुलं मिळत नव्हती. आली तरी टिकत नव्हती. कुणी नेरळला बिल्डरच्या ऑफिसात जातं, कुणी पनवेलच्या मॉलमध्ये. म्हणजे आमच्यासारख्या पन्नाशीच्या बायांवरच कारखाना चालणार. मग या बायांना झेपेल असा हॉल करायचा, ते काम मॅडमकडे होतं. त्या एकेकीच्या कोपराची उंची टेपनं मोजणार होत्या, आणि काय दुखतं, काय जड जातं, काय दिसत नाही, ते विचारून लिहून घेणार होत्या.

त्या दिवशी सकाळी बसमध्ये मी उभी राहिले. लाइनवरच्या सगळ्या बाया माझं ऐकायच्या. मी म्हटलं, "काय दुखतं विचारलं तर काही दुखत नाही असं सांगा. एकीनंही तोंड उघडायचं नाय."

मागच्या सीटवरून वाडीवरची भीमाबाई म्हणाली, "माजे गुडघे रोज बोंबलत्यात, ते कुनाला सांगू?"

"मला सांग. त्यांना नको."

मी हे उगाच म्हणत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी साच्याच्या विभागात तपासणीचं शिबिर झालं होतं. कुणाला साखर निघाली, कुणाची कंबर. चार महिन्यांत त्यातल्या कंत्राटी माणसांचे कंत्राट वाढवायचे कागद पुढे गेलेच नाहीत. कुणी कारण सांगितलं नाही. आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त बाया कंत्राटी होत्या आणि त्यात माझ्या घरची एक होती.

ताई शेजारी बसल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला त्या ट्यूबचं सांगायचं होतं गं. कडेची बाटली नीट दिसत नाय."

"ताई, दिसत नाय म्हणालात तर तपासणीवर कोण ठेवंल तुमाला?"

"ते पन खरं हाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सगळ्यांनी सांगितलं, काही नाही, बरं आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरंच कुणालाच काही नाही?" मी म्हटलं, "कष्टाची सवय आहे, मॅडम."

दुपारी जेवणानंतर त्यांनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या सुनंदाताई मान वाकडी करून बघतात. बाजूनं कुणी आलं तर दचकतात. मी त्यांचे डोळे तपासून घेऊ का? कंपनी खर्च करील."

मी म्हटलं, "नाही हो, तिची सवय आहे ती. लहानपणापासूनची."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं. हे बोलणं मी ताईंना कधी सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगू म्हटलं, आणि मग राहूनच गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे मी ते ठेवून दिलं.

पलीकडच्या माल भरण्याच्या हॉलमधल्या बायांनी खरं सांगितलं होतं. वर्षभरात तिकडे वरखाली होणारी टेबलं आली, टेकायला उंच खुर्च्या आल्या, लख्ख दिवे आले. कुणालाही काढलं नाही. आमच्या हॉलची पाळी नंतर येणार होती, कारण आमच्याकडे कागदोपत्री कुणाला त्रासच नव्हता.

झाकाझाकी

चपलेच्या त्या दिवसानंतर माझं एकेक सुटत गेलं. ब्लाउजचे हुक लागेनात. टिकलीचा कागद बोटांना सुटेना. तांदूळ निवडताना खडा दिसायचा, पण चिमटीत यायचा नाही. चालताना पाय जिथे टाकायचा तिथे पडायचा नाही. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खोपोलीत एकानं चोळून दिलं. शीर दबली असेल म्हणाले सगळे.

लाइनवर बाटल्या माझ्या हातातून निसटू लागल्या. ताई माझ्या शेजारी सरकल्या. त्या बाटली उचलून माझ्यासमोर धरायच्या, मी बघायची, त्या ठेवायच्या. त्यांच्या वाटणीच्या बाटल्याही मीच बघायची. एव्हाना त्यांना समोरचं तेवढं दिसत होतं, बाजूचं जवळपास नाहीच. आमची गती कमी झाली नाही. सुपरवायझरला पत्ता लागला नाही. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. घरी येताना बसमध्ये आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो.

असे आठ महिने गेले. आठ महिन्यांत आम्हा दोघींचंही जे जायचं ते जात होतं.

निदान झालं तो दिवस

ह्यांचा टेंपो आहे. पनवेलच्या दवाखान्यात मला त्यांनी टेंपोतूनच नेलं. डॉक्टर वयानं लहान वाटले. त्यांनी मला एका सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. मी तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मग मूठ भराभर उघडा-मिटा म्हणाले. मला वाटत होतं मी करतेय. बोटांकडे पाहिलं तर ती सावकाश, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी उघडत होती.

एमआरआयच्या नळीत मी डोळे मिटून पडले होते. आवाज असा की डोक्यावर कुणी पत्रे ठोकतंय. मी मनात लाइनवरच्या बायांची नावं एका टोकापासून म्हणत राहिले. नावं संपली की परत पहिल्यापासून.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मानेतली पांढरी दोरी, हातापायांना जाणारा मज्जारज्जू, दोन ठिकाणी चेपली गेली होती. त्यांनी विचारलं, "काम काय करता? मान खाली घालून?"

"हो. अठ्ठावीस वर्षं."

"फक्त कामानं झालं असं मी म्हणणार नाही. वयानं झीज होते. पण मान उचलून काम केलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "ऑपरेशन लवकर करायला हवं. एक मात्र आधीच सांगतो. जे गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही. जे राहिलंय ते वाचवायचंय."

येताना वाटेत ह्यांनी उसाच्या रसासाठी टेंपो थांबवला. ग्लास माझ्या हातात राहिला नाही, सगळा रस पदरावर सांडला. त्यांनी दुसरा ग्लास घेतला आणि माझ्या तोंडाला लावला. रसवाला बघत होता. मी पिऊन झाल्यावर हे टायर बघायचं निमित्त करून टेंपोच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी आरशातून पाहिलं. टायरकडे पाठ करून उभे होते.

घरी ताईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कर ऑपरेशन. घराचं मी बघते."

"ताई, मी नसताना तुमी तपासणीवर उभं राहू नका. पेट्या चिकटवायचं काम मागून घ्या."

"मागते."

"नक्की मागाल?"

"मागते म्हटलं ना गं."

सुपरवायझरला मी एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. बोलले नाही. बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस लवकर उजाडतो. अंधारातच सिस्टर दिवा लावते, ताप बघते, काखेत थंडगार काच. मग अंग पुसायला मावशी. मग चहा, कपात अर्धाच, कारण पूर्ण दिला तर आमच्यासारखे सांडतात. मग डॉक्टरांची फेरी, आणि फेरीची वाट बघण्यात गेलेला वेळ. आजारपणात सगळ्यात जास्त काय केलं असेल तर वाट बघितली.

ऑपरेशनच्या टेबलावर मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, "उठले नाही तर?" त्या म्हणाल्या, "उठाल. उठल्यावर मी पायाची बोटं हलवायला सांगेन, तेव्हा आळस करू नका." उठल्यावर त्यांनी खरंच सांगितलं. मी हलवली. बोटं हलताना मला दिसत नव्हती, गळ्यात पट्टा होता. त्यांचा चेहरा बघून कळलं.

त्या वॉर्डात मावशी होत्या एक, रसायनीच्या. त्या रोज दुपारी काम आटोपून माझे केस विंचरायला यायच्या. मला मान वळवता येत नव्हती, त्या माझ्याभोवती फिरत विंचरायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुमचं हे काम नाही." त्या म्हणाल्या, "मला मुलगी नाय. तेवढंच." त्यांच्या कंगव्याच्या त्या दहा मिनिटांसाठी मी सकाळपासून तग धरायची.

पहिले दोन दिवस ताई कामावरून सुटल्यावर आल्या. बस बदलत, डबा घेऊन. बाजूच्या स्टुलावर बसून मला पेज भरवली. चमचा कधी कधी माझ्या गालाला लागायचा, आम्ही त्यावरही हसलो. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. ह्यांनी सांगितलं, घरी पाहुणे आलेत. चौथ्या दिवशी म्हणाले, ताप हाय वहिनीला जरा. मी म्हटलं, "पाहुणे की ताप?" ते सिस्टरला काहीतरी विचारायला उठून गेले.

सातव्या दिवशी पूनम आली. पूनम चोवीस वर्षांची, कर्जतला एका दुकानात हिशेब लिहिते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, जवळ येईना.

"आई कुठाय तुझी?"

"काका म्हणाले तुला सांगायचं नाय."

"पूनम, आई कुठाय?"

"खोपोलीला. दवाखान्यात. पडली कंपनीत. खुब्याचं हाड मोडलंय."

पायरी

मग एकेक कळत गेलं. ताईंनी पेट्यांचं काम मागितलंच नव्हतं. माझ्या गैरहजेरीत एक तपासणारीण कमी, त्यात आपण बदलून मागितलं तर प्रश्न विचारतील, असं त्यांना वाटलं. त्या कोपऱ्यातच उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्यांना पलीकडच्या हॉलमधून लेबलांचा गठ्ठा आणायला पाठवलं.

दोन हॉलच्या मध्ये एक पायरी आहे. राखाडी जमिनीत राखाडी पायरी. नवा हॉल लख्ख, आमचा अंधुक. ताई उजेडातून अंधारात आल्या, हातात गठ्ठा, आणि त्यांना पायरी दिसली नाही. धडधाकट नजरेच्या माणसालाही क्षणभर दिसत नाही तिथे. त्यांना तर कडेचं आणि पायाशी असलेलं कधीच दिसेनासं झालं होतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. तिथल्या सिस्टरच्या लक्षात आलं की बाजूला ठेवलेला पाण्याचा ग्लास या बाईंना सापडत नाही. डोळ्यांचे डॉक्टर आले. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला, डाव्याला समोरचं तेवढं, नळीतून बघावं तसं. पूनमनं त्यांना विचारलं, परत येईल का. ते नाही म्हणाले. दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर औषधाच्या थेंबांवर बरंच राखता आलं असतं, म्हणाले.

पूनमनं मला हे सांगितलं तेव्हा तिला मृणाल मॅडमचं काही माहीत नव्हतं. मला मानेच्या पट्ट्यामुळे तोंड फिरवता येत नव्हतं. मी छताकडे बघत सगळं ऐकलं.

एका घरात दोन आजारी

मी घरी आल्यावर चार दिवसांनी ताई आल्या. मधल्या खोलीत दोन खाटा पडल्या. मला पट्टा, त्यांना वॉकर. पूनमनं दुकानातून सुट्टी घेतली, मग ती सुट्टी वाढत गेली आणि दुकानानं दुसरी मुलगी घेतली. हे सकाळी डाळ-भात लावून टेंपो घेऊन जायचे. भात कधी कच्चा, कधी करपलेला. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. घरात बोलणं कमी झालं की भांड्यांचा आवाज मोठा होतो.

फिजिओवाल्या मुलीनं मला मुगाचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकायला सांगितलं होतं. मी दिवसभर तेच करायची. एक दाणा, दुसरा दाणा. ताई खाटेवरून ऐकायच्या. "पडला बघ," म्हणायच्या. आवाजावरून त्यांना कळायचं.

महिन्याभरानं एक दिवस दुपारी पूनम कपडे धुवायला मागे गेली होती. मी मुगाची वाटी बाजूला ठेवली आणि सांगितलं. "ताई, मॅडमनी मला विचारलं होतं. तुमचे डोळे तपासून घेऊ का म्हणून. कंपनीच्या खर्चानं. मी नाय म्हटलं. तिची सवय हाय म्हटलं."

त्या पडून होत्या. उठून बसल्या.

"कधी?"

"त्या आल्या होत्या तेव्हाच. टेप घेऊन."

मग म्हणाल्या, "तवा पूनम दाराशी उभी असली तरी मला तिचा चेहरा पुरा दिसायचा."

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. त्यांनी दिल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या मला काम सांगेनात. पाणी हवं असलं तरी पूनम येईपर्यंत थांबायच्या. मी ग्लास पुढे केला तर "राहू दे" म्हणायच्या. मूग वाटीत पडायचे, खाली सांडायचे, पलीकडून काही आवाज यायचा नाही.

पूनमला त्यांनीच सांगितलं असणार. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "काकू, तुला आईची नोकरी वाचवायची होती, ते कळतं मला. पण तू आईला विचारायचंस तरी." ती ओरडली नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली.

परत कामावर

पाच महिन्यांनी मी कामावर गेले. बोटांची टोकं अजून बधिर आहेत आणि तशीच राहतील, डॉक्टर म्हणालेत. पाय पुष्कळ सुधारला. पहिल्याच आठवड्यात मी मृणाल मॅडमना भेटले आणि सगळं सांगितलं. बसमधलं, त्यांना एकटीला दिलेलं उत्तर, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मी तुमचं ऐकायला नको होतं. मी त्यांनाच विचारायला हवं होतं." माझ्यावर राग काढतील असं वाटलं होतं. त्या स्वतःलाच बोल लावत होत्या, त्यानं मला जास्त लागलं.

मग मी बसमध्ये परत उभी राहिले. म्हटलं, "मी मागं चुकीचं सांगितलं होतं. आता खरं सांगा." भीमाबाईनं विचारलं, "आन् काढलं तर?" मी म्हटलं, "आधी कंपनीकडून लिहून घेऊ. तब्येतीवरून कुणाला काढणार नाही, कंत्राटीलाही नाही, असं." ते लिहून घ्यायला तीन बैठका लागल्या. सही झाली त्या दिवशी भीमाबाईनं मॅडमना गुडघ्यांचं सांगायला सुरुवात केली ती जेवणाची सुट्टी संपली तरी थांबली नाही.

आता आमच्या हॉलमध्ये टेबल कोपराच्या उंचीला येतं. बाटली डोळ्यांसमोर धरायला आधार आहे, मान वर राहते. प्रत्येकीच्या टेबलाला वेगळा दिवा. टेकायला खुर्ची. क्रेटना चाकं. ती पायरी फोडून उतार केला, कडेला पिवळा पट्टा मारला. वर्षातून एकदा डोळे तपासतात. पहिल्याच तपासणीत आणखी एकीला काचबिंदू निघाला, सुरुवातीचा. ती थेंब टाकते आणि काम करते. तिला बघितलं की मला बरं वाटतं आणि लगेच ताई आठवतात.

तुमच्यापैकी कुणाची चप्पल न कळता सुटत असेल, हुक लागत नसतील, कडेचं माणूस अचानक समोर आल्यासारखं वाटत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. दाखवा. कामावर सांगायची भीती वाटत असेल तर चारजणी मिळून सांगा. आणि दुसरीच्या वतीनं तिचं उत्तर देऊ नका. मला एवढंच कळलंय, आणि ते फार उशिरा.

मॅडम घरी आल्या

काम सोडून गेलेल्या बायांनाही मॅडमना विचारायचं होतं. एका रविवारी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. ताई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. पूनमनं त्यांना चांगली साडी नेसवली होती. मी आत जायला निघाले तर ताई म्हणाल्या, "बस इथंच."

तासभर त्या बोलल्या. मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. दिवा समोरून नको, डोळ्यांवर येतो, मागून खांद्यावरून हवा. बसची पहिली पायरी उंच आहे, धरायला दांडा हवा. संडास लांब, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. लेबलांवरची अक्षरं मोठी करा. दोन हॉलचा उजेड सारखा ठेवा, एक झगझगीत आणि एक मिणमिणता असं नको. मॅडम लिहीत होत्या, मध्येच पान उलटत होत्या. ताईंचा आवाज चढला होता, हात हलत होते, जणू हॉल समोरच होता.

शेवटी मॅडमनी विचारलं, "अजून काही?"

"एक इचारायचं होतं. मला परत घेनार काय?"

मॅडमचं पेन थांबलं.

"डोळ्यांचं काम नको. झाकणं लावायची हायत ना तिकडं, हातानं चाचपून होतंय ते. मी घरी करून बघितलंय. पूनम डबे आणून देती, मी लावती. चुकत नाय."

हे मला माहीत नव्हतं. मी पूनमकडे पाहिलं, ती खाली बघत होती.

"मी विचारते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खरंच विचारलं, दोनदा. कंपनीनं नाही सांगितलं. ताईंचं कंत्राट त्या पडल्या त्याच महिन्यात संपलं होतं, आणि तब्येतीवरून कुणाला काढणार नाही हा कागद त्याच्यानंतरचा.

नकार कळला त्या दिवशी मी बसमधून उतरून सरळ घरी आले. ताई ओट्यावर होत्या. मी त्यांच्या समोर खाली बसले.

"नाय म्हणाले, ताई."

त्यांनी मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग पुष्कळ दिवसांनी मला काहीतरी मागितलं. म्हणाल्या, "पूनमला आज सांगू नको गं. तिला वाटतंय घेतील."

मी म्हटलं, "नाय ताई. आजच सांगू."

त्यांनी बोटाचा पदर सोडला. मला उठ म्हणाल्या नाहीत. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पूनम नव्या दुकानातून यायची वेळ झाली होती. रस्त्यावर तिची रिक्षा थांबली, ती ओट्यापाशी आली, आमच्याकडे बघून उभी राहिली.

ताईंनीच सांगितलं.

पूनम खांद्यावरची पिशवी न उतरवताच आईच्या पायाशी बसली.